नाचनबोरच्या घाटातला नारळ

मध्य प्रदेश सरकारने 2016 साली आनंदासाठी वेगळं खातं काढलं. देशात असं खातं काढणारं हे पहिलंच राज्य. आम्हा इंदूरकरांनी पोहे-जिलबीच्या ठेल्यांवर त्याची यथेच्छ थट्टा केली. आता हसायचं झालं तरी अर्ज तीन प्रतींत भरावा लागणार, फोटो साक्षांकित लागणार, वगैरे वगैरे. पण खात्याने काही बऱ्या गोष्टीही केल्या. ‘आनंदम्’ नावाची ठिकाणं उघडली. घरात नको असलेली वस्तू तिथे ठेवायची आणि ज्याला हवी त्याने न विचारता न्यायची. राज्याचा आनंद निर्देशांक काढायचं ठरलं, त्यासाठी खरगपूरच्या आयआयटीशी करार झाला. आनंद मोजायचा म्हटलं की प्रश्नावली आली. झोप लागते का, कर्ज किती, शेजाऱ्यांशी बोलता का, उद्याची चिंता वाटते का.

खातं निघून सव्वा वर्ष झालं आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर हजारो माणसं जमली. केरळातून आलेली कुटुंबं होती, देवास आणि खरगोनच्या वाड्या-पाड्यांतले आदिवासी होते, देशभरातल्या नन्स आणि पाद्री होते. रोमहून कार्डिनल आंजेलो आमातो आले होते. पोप फ्रान्सिस यांच्या वतीने त्यांनी सिस्टर राणी मारिया वट्टालिल यांना ‘धन्य’ घोषित केलं. कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची ही पायरी. हुतात्मा म्हणून तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचा खून करणारा माणूस हयात होता, मोकळा होता, आणि त्यांच्या बहिणीच्या हातची राखी बांधून घेत होता.

ख्रिस्ती श्रद्धेतून टिकाऊ आनंद मिळतो, असं प्रवचनांतून नेहमी ऐकू येतं. प्रवचनातला आनंद तपासायला काही साधन नसतं. या कथेतला आनंद तपासता येतो, कारण तिच्यात सुरा आहे, न्यायालय आहे, तुरुंग आहे आणि तारखा आहेत.

राणी मारिया मूळच्या केरळच्या. एर्नाकुलम जिल्ह्यातलं पुल्लुवळी हे त्यांचं गाव, जन्म 29 जानेवारी 1954. शेतकरी घर, सात भावंडं. 1972 मध्ये त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. भारताची पहिली स्त्री-संत मानलेल्या अल्फोन्सा याच संघाच्या. 1975 मध्ये राणी मारियांना उत्तर प्रदेशात बिजनोरला पाठवलं, तिथून विंध्यातल्या सतना भागात, आणि 1992 मध्ये इंदूर धर्मप्रांतातल्या उदयनगरला. मधल्या काळात त्यांनी समाजशास्त्रात एम.ए. केलं. पुढच्या कामाकडे पाहता ते शिक्षण वाया गेलं नाही.

उदयनगर देवास जिल्ह्यातलं. इंदूरहून निघालं की माळव्याचं पठार संपत येतं, साग दिसू लागतो आणि रस्ता घाटाला लागतो. भिल, भिलाला, बारेला, कोरकू अशी वस्ती. या पट्ट्यात सावकारी कशी चालायची हे महाराष्ट्रातल्या वाचकाला, विशेषतः धुळे-नंदुरबारकडच्या, समजावून सांगायला नको. पेरणीच्या तोंडाला बियाणं आणि खायला धान्य उसनं घ्यायचं, सुगीला ते मापात भरून परत करायचं. माप कोणाचं, भाव कोणाचा, बाकी किती उरली, हे सगळं एकाच घरातल्या वहीवर. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा द्यायचा. लग्न-मरण आलं की वहीत आणखी एक ओळ. पुढच्या वर्षीचं पीक उभं राहण्याआधीच विकलेलं.

सिस्टर राणी मारियांनी या वहीला हात घातला. त्या लोकांना घेऊन बँकेत जायच्या, तहसीलीत जायच्या. कुठल्या सरकारी योजनेत काय मिळतं, अर्ज कुठे द्यायचा, पोच कशी मागायची, हे सांगायच्या. बायकांचे बचतीचे गट उभे केले. यात क्रांतीची भाषा कुठेच नाही. बँकेचं कर्ज वेळेवर मिळालं की सावकाराकडे जायची गरज उरत नाही, एवढाच हिशेब. पण तालुक्याच्या गावी ज्यांची मातब्बरी त्याच वहीवर उभी असते, त्यांना हा हिशेब सगळ्यात आधी कळतो.

धर्मांतराचा आरोप अर्थातच झाला. मध्य प्रदेशात तो नवा नव्हता. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल 1956 चा, धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरावर बंधनं घालणारा राज्याचा कायदा 1968 चा. मिशनऱ्यांकडे संशयाने पाहायची सवय इथे जुनी आहे आणि ती सगळीच निराधार आहे असंही कोणी म्हणू नये. पण उदयनगरात कोणाचं दुखत होतं हे पाहिलं, तर देवळापेक्षा पेढीच जास्त दिसते.

25 फेब्रुवारी 1995 ची सकाळ. केरळला घरी जायचं म्हणून सिस्टर उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. समुंदरसिंह नावाचा विशीतला तरुण बसमध्ये होता. त्या दिवसाचे जे वृत्तांत उपलब्ध आहेत, त्यांत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो. नाचनबोरच्या घाटात बस थांबवून तो खाली उतरला, रस्त्याकडेच्या दगडावर त्याने नारळ फोडला, आणि खोबऱ्याचे तुकडे प्रवाशांना प्रसादासारखे वाटले. एक तुकडा सिस्टरांपुढे धरला. आज एवढा कसला आनंद, असं त्यांनी त्याला विचारलं. उत्तरादाखल त्याने सुरा काढला.

अंगावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. बस प्रवाशांनी भरलेली होती. वाचवायला कोणी पुढे आलं नाही. याबद्दल प्रवाशांना दोष देणं सोपं आहे. घाटातल्या बंद बसमध्ये सुरा हातात घेतलेल्या माणसासमोर आपण काय केलं असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. शेवटपर्यंत सिस्टरांच्या तोंडी येशूचं नाव होतं, असं सांगतात. त्यांना उदयनगरच्या चर्चपाशी पुरलं. वय एक्केचाळीस.

समुंदरसिंहला जन्मठेप झाली. आपल्याला भडकावलं गेलं, पुढे करून वापरलं गेलं, असं तो नंतर मुलाखतींतून सांगत आला आहे. शिक्षा झाली ती मात्र सुरा चालवणाऱ्या हाताला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या क्षमेच्या कथेत ती सहज विसरली जाते.

इंदूरचं कॅथलिक मुख्य चर्च, ज्याला लोक लाल चर्च म्हणतात, ते असीसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं आहे. राणी मारियांचा संघही त्याच फ्रान्सिसचा वारसा सांगणारा. बाराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस सगळं टाकून भिकारी झाला आणि 1226 मध्ये वारला. त्याच्या नावावर एक कथा चालत आली आहे. कडाक्याच्या थंडीत फ्रान्सिस आणि त्याचा सोबती लिओ पायी मठाकडे परतत असतात. वाटेत फ्रान्सिस सांगत जातो : आपल्या बंधूंनी आंधळ्यांना डोळे दिले, मेलेल्यांना उठवलं, सगळ्या विद्या मिळवल्या, सगळ्या जगाला श्रद्धेकडे वळवलं, तरी त्यात परिपूर्ण आनंद नाही. लिओ वैतागून विचारतो, मग आहे तरी कशात? फ्रान्सिस म्हणतो, आता आपण भिजून, गारठून, उपाशीपोटी दारात पोचू. द्वारपाल ओळखणार नाही, चोर समजेल, काठीने झोडपून चिखलात लोटेल. त्या वेळी मनात कडवटपणा आला नाही, तर तो परिपूर्ण आनंद.

पहिल्यांदा ऐकताना ही कथा विक्षिप्त वाटते, थोडी आत्मपीडेकडे झुकलेलीही. नीट पाहिलं तर फ्रान्सिस मार खाण्यात आनंद आहे असं म्हणत नाही. बाकी सगळे आनंद कोणीतरी दिलेले असतात, म्हणून कोणीतरी ते काढून घेऊ शकतं. मार खाऊनही जे शाबूत राहतं तेच आपलं. ख्रिस्ती ग्रंथांतही आनंदाच्या गोष्टी अशाच अवघड जागी येतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांशी आनंदाबद्दल बोलतो ते ज्या रात्री अटक झाली त्याच रात्री. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र आनंदाने ओसंडून वाहतं आणि ते कैदेतून लिहिलेलं आहे.

आता पुन्हा इंदूर. 2002 चा ऑगस्ट, राखीचे दिवस. राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघातली नन सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि समुंदरसिंहच्या मनगटावर राखी बांधली. या भेटीमागे स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे, भगवी वस्त्रं घालणारे एक कॅथलिक पाद्री होते. ते कैद्यांना भेटत असत. समुंदरसिंह तेव्हा, ज्याने आपल्याला या कामाला लावलं त्याचा सूड घ्यायचा, या विचाराने पेटलेला होता. स्वामींनी त्याला त्यातून बाहेर काढलं.

माळव्यात राखी म्हणजे मोठाच सण, दुकानं आठ-आठ दिवस आधी लागतात. इंदूरच्या मराठी घरांत त्याच दिवशी नारळी पौर्णिमा, म्हणजे नारळीभात. घाटात फुटलेला नारळ आणि तुरुंगातली राखी एकाच पौर्णिमेच्या वस्तू आहेत, हे मराठी माणसाच्याच लक्षात येईल. केरळातून आलेल्या ननला कदाचित त्याची कल्पनाही नसेल. पण राखी निवडली ती अचूक. हात मिळवून, डोक्यावर हात ठेवून क्षमा करता येते आणि निघून जाता येतं. राखी बांधली की दर वर्षी यावं लागतं.

खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं गेली. चित्रपटांत हा काळ दोन दृश्यांच्या मधल्या अंधारात संपतो. 2013 मध्ये कॅथरीन मॅकगिल्व्रे यांनी या विषयावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट केला, 2023 मध्ये ‘द फेस ऑफ द फेसलेस’ हा कथापट आला. दोन्हींमुळे ही गोष्ट जगभर गेली. माझ्या लेखी मात्र गोष्टीचा गाभा त्या सात वर्षांत आहे. फ्रान्सिसच्या कथेतला भिक्षू दारात उभा राहून मार सोसतो. सेल्मी स्वतःहून तुरुंगाच्या दाराशी गेली. सोसण्यापेक्षा हे जास्त आहे, आणि ते एका रात्रीत होणारं नाही.

पुढे राणी मारियांच्या आई एलिस्वाही समुंदरसिंहला भेटल्या आणि त्यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. कुटुंबाने आणि धर्मप्रांताने त्याच्या सुटकेसाठी राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं भरल्याशिवाय सोडू नये असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 433-अ कलम सांगत होतं. त्याला ओलांडून जाणारा अधिकार घटनेच्या 161 व्या कलमाने राज्यपालांना आहे. सुटल्यावर समुंदरसिंह पुल्लुवळीला, त्या घरी जाऊन आला. मग आपल्या शेतीला लागला.

‘आनंद’ हा शब्द या सगळ्यात कुठे बसतो, असं कोणी विचारेल. मला वाटतं, श्रद्धेतला आनंद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हसरा चेहरा येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला होता. जी बाई आपल्या सिस्टरांना सदैव हसतमुख राहा म्हणून सांगत होती, तिला स्वतःला अनेक दशकं आतून अंधार वाटत होता, देवाचा मागमूस लागत नव्हता. काहींनी याला ढोंग म्हटलं. पण एखाद्याला काही जाणवत नसतानाही तो रोज पहाटे उठून मरणाऱ्याचं अंग पुसत असेल, तर त्याला धरून ठेवणारी चीज मनःस्थितीपेक्षा वेगळीच काहीतरी असणार. आनंद निर्देशांकाच्या प्रश्नावलीत मदर तेरेसांना कमी गुण पडले असते.

मराठीत या विषयाचा विचार नारायण वामन टिळकांना वगळून करता येत नाही. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाचनबोरच्या घटनेच्या बरोबर शंभर वर्षं आणि पंधरा दिवस आधी. योगायोगच, पण लिहून ठेवण्यासारखा.

टिळकांना जो आनंद झाला तो त्यांच्या पदांतून आजही मराठी चर्चमध्ये गायला जातो. त्याची किंमत मोजली लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर जवळपास साडेचार वर्षं त्या त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या, मुलगा दत्तू पदराशी होता, नातेवाइकांचं बोलणं ऐकून घ्यावं लागत होतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण त्या हसवतात. पण ते दिवस हसण्यासारखे नव्हते. एकाची मुक्ती घरातल्या दुसऱ्याच्या अंगावर कशी कोसळते, हे त्या पुस्तकाइतकं स्वच्छ कुठल्याच प्रवचनात सापडणार नाही. पुढे त्या आपल्या वाटेने, आपल्या वेगाने तिथवर आल्या. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. टिळकांनी मात्र मिशनचा पगार 1917 मध्ये सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद ठेवला नव्हता. 1919 मध्ये ते गेले.

पंडिता रमाबाईंचंही असंच. आई-वडील आणि बहीण दुष्काळाने नेली, नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं होत नाहीत तोच पती गेला. 1907 मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेची कहाणी इंग्रजीत लिहिली आणि तिच्या नावातच न संपणारं धन असा शब्द घातला. केडगावच्या मुक्तिसदनात तेव्हा शेकडो टाकलेल्या बायका-मुली राहत होत्या. न संपणारं धन ज्यांच्यावर खर्च व्हायचं, ती माणसं ही.

इंदुरात ख्रिस्ती माणूस तसा जुनाच. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे 1877 मध्ये काम सुरू केलं, 1887 मध्ये कॉलेज काढलं. कॅथलिकांचा डिव्हाइन वर्ड संघ 1932 मध्ये आला, स्वतंत्र धर्मप्रांत 1952 मध्ये झाला. शाळा-दवाखान्यांपुरता हा समाज शहराला ठाऊक असतो, नाताळात लाल चर्च पाहायला गर्दी होते, बाकी वर्षभर आपण आपल्या कामात.

‘धन्य’ ठरवण्याआधी राणी मारियांच्या बाबतीत रोमपुढे प्रश्न उभा राहिला तो कायद्याइतकाच काटेकोर होता. हुतात्मा ठरायला खून श्रद्धेच्या द्वेषातून झालेला हवा. इथे तर भांडण सावकारीचं होतं. मग ही हुतात्मा की सामाजिक कार्यकर्ती? एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्याबाबतही हाच वाद अनेक वर्षं चालला. गरिबांच्या बाजूने बोलले म्हणून त्यांना 1980 मध्ये वेदीपाशीच गोळी घातली गेली होती. 2015 मध्ये त्यांना ‘धन्य’ ठरवण्यात आलं. राणी मारियांचं हौतात्म्य पोप फ्रान्सिस यांनी मार्च 2017 मध्ये मान्य केलं. गरिबाला बँकेपर्यंत नेणं हाच जर एखादीच्या श्रद्धेचा आचार असेल, तर त्यासाठी तिला मारणं म्हणजे श्रद्धेसाठीच मारणं, असा त्याचा अर्थ होतो. बचतगटाची पासबुकं अशा रीतीने धर्मग्रंथाच्या रांगेत जाऊन बसली. हुतात्म्याला ‘धन्य’ ठरवायला चमत्काराचा पुरावा लागत नाही. संतपदासाठी लागतो.

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही, ती सांगून थांबतो. ओडिशात 1999 च्या जानेवारीत मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि त्याच वेळी कायदा आपलं काम करील, क्षमा वेगळी आणि शिक्षा वेगळी, अशी भूमिका घेतली. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. मला ही भूमिका जास्त सुरक्षित वाटते. वट्टालिल कुटुंबाने खुन्याची सुटकाच मागितली. ज्या गावांत सावकाराच्या माणसाला शिक्षा होते हे दिसणंच मुळात दुर्मीळ, तिथे झालेली एक शिक्षाही अर्ध्यावर सोडून द्यायची? उदयनगरच्या ज्या बाईने सिस्टरांच्या सांगण्यावरून सावकाराची वही नाकारली असेल, तिला कोणी विचारलं होतं का? क्षमा करायचा हक्क कुटुंबाचा, पण भीती तर साऱ्या पट्ट्याची होती. माझ्या ओळखीच्या एका ख्रिस्ती गृहस्थांपुढे मी हे मांडलं तेव्हा ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण सुटल्यावर त्याने पुन्हा कोणाच्या अंगावर हात टाकला नाही, हेही हिशेबात धरा. ते मी धरतो. तरीही त्या बाईचा प्रश्न माझ्या वहीत शिल्लक राहतोच.